फटफटीवरून तळ्यांच्या मुलखात



आजवर या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून कापसाच्या भावापर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. फटफटीला मात्र अद्याप कोणी व्याख्यानाचा मान दिलेला दिसत नाही. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही जरा भीतभीतच 'मोटरसायकलीवरून तळी पाहणे' असे सांगितले. त्यावर एका गृहस्थांनी विचारले, 'तळी पाहायला काय काश्मीरला गेला होतात?' तेव्हा आरंभीच सांगून टाकतो, की आम्ही महाराष्ट्राच्या बाहेर पाऊलही टाकले नाही. किंबहुना धुळ्याच्या चौफुलीवर जो रस्ता धरला, तोच शेवटपर्यंत सोडला नाही. सुरतेहून निघून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा पुढे कलकत्त्याकडे जाणारा हा महामार्ग. आपण त्याला पूर्वी सहा नंबर म्हणत होतो, आता त्याचा आकडा ५३ झाला आहे. सोनगीरहून साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास गेले की या रस्त्याच्या उजव्या हाताला, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, तळ्यांचा मुलूख लागतो.

आम्ही चौघे आणि मोटरसायकली दोन. महिना पौषाचा. पौषच का, तर पावसाळ्यात भरलेली तळी तेव्हा अजून भरलेली असतात, धानाची कापणी उरकून रस्ते मोकळे झालेले असतात आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. वैशाखात याच मुलखात गेलात तर निम्म्या तळ्यांत गुरे चरताना दिसतील.

जातानाच्या रस्त्याचे वर्णन करण्यात आपला वेळ घेत नाही. भुसावळ, मलकापूर, खामगाव ही नावे आपल्याला नवी नाहीत. अकोला-अमरावतीच्या दरम्यान, लोणी ते माना या टापूत, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड काम करून टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्या तुकड्यावरून आमच्या गाड्या लोण्यावरून सुरी फिरावी तशा गेल्या. आमच्यातल्या एकाचे म्हणणे पडले, की विक्रमाची ही हौस आमच्या शिवरस्त्यालाही एकदा लागावी. असो. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका गाडीची क्लचची तार तुटली. रस्त्याकडेच्या एका पोरगेल्या मिस्त्रीने ती अर्ध्या तासात बदलून दिली आणि पैसे घेताना 'खानदेशातून एवढ्या लांब? कोणी आजारी आहे का?' असे काळजीने विचारले. तळी पाहायला चाललो आहोत असे सांगितल्यावर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांत आताही दिसते आहे.

नागपूर सोडले की माती बदलते. आपली काळी, भेगाळणारी, पायाला चिकटणारी जमीन मागे राहते आणि पिवळसर, तांबूस, बारीक माती सुरू होते. कापसाच्या पळाट्या दिसेनाशा होऊन धानाच्या बांध्या दिसू लागतात. मोटरीच्या काचेआडून हा बदल कळत नाही. फटफटीवर तो नाकाला आधी कळतो, कारण हवेत ओलसर गवताचा आणि शेणमातीचा वास येऊ लागतो, आणि सकाळच्या प्रहरी एकदम गारठ्याची एक लाट अंगावर येते. अशी लाट आली की समजावे, उजवीकडे किंवा डावीकडे झाडीआड तळे आहे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही डोळे मिटूनही तळे ओळखू लागलो होतो. अर्थात मागे बसलेल्यांनी, हे सांगायला नकोच.

भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी आम्ही थांबलो, ते एका खास कारणासाठी. हे गाव पितळेचे. भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव जुन्या काळापासून आहे, जसे आपल्या सोनगीरचे आहे. तांबटांच्या ठोक्यांचा आवाज ऐकत आपण वाढलो. इतक्या दूरच्या गावी पितळेच्या भांड्यांचे दुकान दिसल्यावर गाडी पुढे जाईनाच. आम्ही एक लहानसा गडवा घेतला. तो घरी आणल्यावर शेजारच्या तांबटकाकांनी उलटसुलट करून पाहिला, बोटाने टिचकी मारली आणि 'बरा आहे' एवढाच अभिप्राय दिला. धंद्यातल्या माणसाचा 'बरा आहे' म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. साकोलीपासून दक्षिणेला वळले की नवेगावबांध लागते. दहा-अकरा चौरस किलोमीटरांचे हे पाणी प्रथम दिसते तेव्हा ते माणसाने केलेले आहे यावर विश्वास बसत नाही. चहूकडे टेकड्या, त्यांवर दाट झाडी, मधे पाणी, आणि पाण्यात उतरलेली आकाशाची निळाई. पण टेकड्यांच्या मधल्या फटी नीट निरखून पाहिल्या की ध्यानात येते, की तिथे मातीच्या पाळी घातलेल्या आहेत. तिकडची माणसे पाळीला 'पार' म्हणतात. निसर्गाने वाडगे जवळजवळ पुरे केले होते. काठ जिथे तुटला होता तिथे माणसाने तो सांधला. हे काम अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या गृहस्थाने केले अशी परंपरा आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना तिकडे सातबहिणी म्हणतात. त्या बहिणींनी बांधाच्या कामी कोलू पाटलाला साह्य केले, अशी कथा लोक सांगतात. कोलू पाटलाचा पुढे देव झाला. कोलासुर या नावाने टेकडीवर त्याचे ठाणे आहे आणि लोक त्याला नवस बोलतात. आम्ही देवळे पुष्कळ पाहिली, राजांची, संतांची, देवतांची. पण पाटबंधारे बांधणाऱ्या माणसाचा देव झालेला आम्ही हा पहिलाच पाहिला.

हे कोहळी म्हणजे तळी बांधण्यात आणि ऊस लावण्यात वाकबगार असा शेतकरी समाज. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिकडचा ऊस पाहून खूष झाला आणि त्याने ही मंडळी आपल्या राज्यात आणून वसवली, अशी आख्यायिका आहे. ज्याने जंगल हटवून तळे बांधावे त्याला तळ्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा त्या राजांचा रिवाज होता असेही सांगतात. आख्यायिकेतले खरे किती ते सोडून द्या. तळी तर डोळ्यांसमोर आहेत. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात अशा जुन्या तळ्यांची संख्या साडेसहा-सात हजारांच्या घरात भरते. त्यांखेरीज एकेका शेतकऱ्याच्या लहान तळ्या, ज्यांना 'बोडी' म्हणतात, त्या वेगळ्याच. काही गावांत तर एका तळ्याचे सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्याखालच्या बोडीत, अशी उतरंड लावलेली आहे. पावसाचा थेंब गावाच्या शिवेबाहेर जाईपर्यंत चार ठिकाणी हजेरी देऊन जातो.

आमच्यातल्या एकाने तिथेच प्रश्न काढला, की हे आपल्याकडे का झाले नाही? आपले वाडवडील काय कमी शहाणे होते? आम्ही त्या रात्री विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून यावर बराच खल केला. त्या मुलखात पाऊस तेराशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो. आपल्या शिवारात सहाशेच्या आतबाहेर, तोही लहरीवर. तिकडे खाली जुना कठीण खडक, वर पाणी धरून ठेवणारी चिकण माती, आणि पाळ घालायला सोयीच्या बुटक्या टेकड्या. शिवाय पीक भाताचे. भादव्यात, आश्विनात पावसाने दगा दिला की त्याला एक-दोन पाणी हवेच असते. तळे म्हणजे त्या दोन पाण्यांची बेगमी. आपल्याकडे मात्र पाणी नदीत वाहते, म्हणून आपल्या पूर्वजांनी नदीलाच हात घातला. पांझरेवर, मोसमवर, आरमवर दगडी बंधारे घातले, पाट काढले आणि फड बसवले. फडाची पद्धत इथल्या वडीलधाऱ्यांना आम्ही काय सांगावी! पण तरुण मंडळींसाठी दोन शब्द. बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि ऊस कोणत्या फडात, भुसार कोणत्या, हे दरसाल फिरते. पाणी कोणाच्या शेतात केव्हा जाईल हे शेताचा मालक ठरवीत नसे. ते पाटकरी ठरवी. त्याच्या जोडीला हवालदार आणि जागल्या, आणि वर पंच. तीनचारशे वर्षे हा कारभार सरकारी कागदावाचून चालला. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले आणि तरुण इंजिनियर म्हणून धुळ्याला आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक पांझरेच्याच पाण्याचे होते. म्हणजे तिकडे तळे आणि इकडे फड. जमिनीने जे सुचवले ते दोघांनी केले.

श्रोतेहो, आता जे सांगतो ते कदाचित प्रवासवर्णनात शोभणार नाही, परंतु आम्हाला त्या आठ दिवसांत याच गोष्टीने सर्वांत अधिक घेरले.

तिकडे तळ्याकाठी पाट्यांवर आणि सरकारी कागदांत 'मामा तलाव' असा शब्द आढळतो. आमच्या सोबत्याने एका पानवाल्याला विचारले, 'हे कोणाच्या मामाचे?' पानवाला मनमुराद हसला. मामा म्हणजे माजी मालगुजारी! इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या प्रमुखांना मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. त्यासोबत तळेही मालगुजाराचे झाले. पण पाण्यावरचे, मासळीवरचे, गुरांच्या पिण्याचे, काठच्या गवताचे गावकऱ्यांचे हक्क निस्तार म्हणून आणि वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवलेले होते. मालगुजार वेठीला धरी, दंड करी, पण उन्हाळ्यात गाव पारेवर माती टाकायला येई, हेही खरे. पुढे १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला, त्या वेळी हा भाग मध्यप्रदेशात होता, आणि १९५१ पासून तळी सरकारजमा झाली. मालगुजारी गेली हे उत्तमच झाले. तिच्यासाठी आम्ही आसवे गाळणार नाही. पण तळ्याचा धनी गेला आणि त्याच्या जागी खाते आले. पुढे महाराष्ट्रात मोठी तळी पाटबंधारे खात्याकडे आणि शंभर हेक्टरांच्या आतली जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. खाते म्हणाले, पाणी आमचे, तुम्ही पाणीपट्टी द्या. गाव म्हणाले, तळे आमच्या आजोबा-पणजोबांनी खणले, पट्टी कसली? या भांडणात दोघांनीही कुदळ खाली ठेवली. माती काढायची कोणी हे ठरेना, आणि गाळ तर कोणाची परवानगी मागत नाही.

सिवनीबांधाच्या बाजूला एका लहान तळ्याच्या पारेवर आम्ही गाड्या उभ्या केल्या होत्या. एक वृद्ध शेतकरी सायकल हातात धरून चालले होते. आम्ही विचारले, 'बाबा, पाणी किती खोल?' ते म्हणाले, 'माझ्या लहानपणी हत्ती बुडंल एवढं होतं. आता बकरी बुडत नाही.' मग त्यांनी काठीने दाखवले, की पार कुठे झिजली, अतिक्रमणाची धानाची बांधी तळ्याच्या पोटात कुठवर शिरली, बेशरमाची झुडपे कुठवर आली. 'सरकार गाळ काढते ना?' आम्ही विचारले. 'काढते तर. मशीन येते, फोटो होतो.' क्षणभर थांबून त्यांनी पुस्ती जोडली, 'काही ठिकाणी बरा काढला, खोटं बोलू नये.' अंगावर आलेल्या रागातही न्याय करणारा हा माणूस आम्हाला फार आवडला.

पण सगळी कथा अशी खिन्न नाही. अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर समाजाच्या सहकारी संस्था तळ्यांत मासेमारी करतात. बाहेरून आणलेल्या रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजावर भर पडत गेला, तळ्यातल्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या आणि त्यांच्या आसऱ्याने वाढणारे गावठी मासे कमी झाले. तेव्हा काही गावांतल्या ढिवर बायामाणसांनी, अभ्यासू कार्यकर्त्यांच्या साह्याने, उलटी वाट धरली. बेशरम उपटून काढायचे, तळ उन्हाळ्यात नांगरायचा, आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती चिखलात रोपासारख्या लावायच्या. धानाची रोवणी करणाऱ्या हातांनी पाण्याखाली रोवणी केली! वनस्पती आल्या तसे गावठी मासे परतले, माशांमागून पक्षी आले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, हे त्या बायकांना तोंडपाठ आहे. ही विद्या आम्हाला कोणत्याही शाळेत कोणी शिकवली नव्हती.

पक्ष्यांविषयी बोलायचे तर नवेगावच्या पाण्यावर पहाटे धुके असताना अडया शीळ घालीत उतरतात ते ऐकावे. कमळांच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटांनी चालतो तो पाहावा. जांभळ्या पाणकोंबड्या तर इतक्या, की आपल्या अंगणातल्या कोंबड्यांचा भास व्हावा. गाडी लांबच बंद करून पायी जावे. फटफटीचा आवाज आपल्याला कितीही गोड वाटो, बदकांना तो गोड वाटत नाही. गोंदियाच्या बाजूला सारसाच्या काही जोड्या धानाच्या बांध्यांत घरटे करतात आणि शेतकरी त्यांची राखण करतात. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ याच कोपऱ्यात उरला आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेली वर्षे 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात आहेत. २०२५ साली ते आपल्यातून गेले. ते पुस्तक वाचून तिकडे जाल तर दुप्पट पाहाल. नवेगावला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ दिसला का, असे घरच्यांनी पहिल्यांदा विचारले. नाही दिसला. दुचाकीवरून तो न दिसलेलाच बरा.

इटियाडोहाचे मोठे धरण आम्ही धावतेच पाहिले. त्याच्याजवळ गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या मुलखात एकाएकी वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका दिसतात आणि चहाबरोबर वाफेवरचे मोमो मिळतात. ज्यांचा देश गेला त्यांनी परक्या पाण्यावर मका-धान पिकवून पन्नास वर्षे काढली. त्यांच्या म्हाताऱ्यांशी बोलायला आमच्याजवळ भाषा नव्हती, तरुण मात्र आमच्याहून फर्डे वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलत होते.

परतताना मेहकरच्या अंगाने वाकडी वाट करून लोणार पाहिले. ते तळे माणसाचे नाही आणि नदीचेही नाही. आकाशातून आलेल्या पाषाणाने आपल्याच काळ्या कातळात पाडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आहे. पाणी खारे. जून २०२० मध्ये ते सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी त्याची रामसर यादीत नोंद झाली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. आमच्यापेक्षा जाणत्या माणसाने ते द्यावे.

आता सोनगीरकरांना एक विचारावयाचे आहे. तापीचे पाणी सुलवाड्याहून उचलून आपल्या जामफळला आणि पुढे कनोलीला नेण्याच्या योजनेची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाली. म्हणजे ज्या गावाने आजवर टँकरची वाट पाहिली त्याच्या वेशीवर एक तळे यावयाचे आहे. काहींच्या जमिनी त्यासाठी गेल्या आहेत. त्यांच्यासमोर तळ्याच्या सौंदर्याविषयी बोलण्याचे धाष्टर्य आम्ही करीत नाही. पण ते पाणी आले म्हणजे गाळाचे काय, काठच्या जमिनीचे काय, मासळीचा हक्क कोणाचा, पाळीची पाळी कोणाची, हे प्रश्न पाण्याबरोबरच येतील. पांझरेच्या फडांचे नियम जाणणारी म्हातारी माणसे या तालुक्यात अजून आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम आपल्या वाचनालयाने हाती घ्यावे, अशी विनंती आम्ही अध्यक्षांना सभेपूर्वीच केली आहे आणि ती त्यांनी नाकारलेली नाही.

ज्यांना तिकडे जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. आठ-नऊ दिवस हाताशी ठेवावेत. पहिला मुक्काम अकोल्याला, दुसरा नागपूरला. साकोलीनंतर जंगलातल्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर गाडी घालू नये. रानडुकरे आणि चितळ आडवे येतात. दोन्ही तारा, क्लचची आणि गतीची, सोबत असाव्यात. शिरस्त्राण साऱ्यांनी घालावे, मागे बसणाऱ्यांनीही. तळ्याच्या पारेवर गाडी नेण्याआधी गावात विचारावे. पावसाळ्यात तर मुळीच नेऊ नये, चाकांच्या चाकोरीतून पाणी वाट काढते. रस्त्याचा नकाशा आम्ही पेन्सिलीने काढून मागच्या भिंतीवर लावला आहे आणि तो गडवाही टेबलावर ठेवला आहे. मंडळींनी अवश्य पाहावा. तांबट आळीतल्या मंडळींनी टिचकी मारून पाहायलाही हरकत नाही.